किडा आत हाये

"वीस मिनिटं झाली का, सिस्टर?"

"अकरा झाली, सर."

"नक्की?"

"घड्याळ भिंतीवर हाये, सर. तुमीच पाहा."

मी कॅज्युअल्टीच्या दारात उभी होते. आले होते माझा टॉर्च परत मागायला. दंत विभागाची वस्तू एकदा कॅज्युअल्टीत गेली की ती सासरीच नांदते, माहेरी परत येत नाही. पण आत जे चाललं होतं ते पाहून मी टॉर्च विसरले आणि चौकटीला टेकून मोक्याची जागा पकडली. मी मूळची मूल गावची. झाडीपट्टीत, नाटकवेड्या मुलखात वाढलेली. फुकटचं नाटक सोडणं आमच्या रक्तात नाही.

खाटेवर पन्नाशीचा एक धिप्पाड माणूस आडवा पडला होता. डावा गाल भोपळ्यासारखा फुगलेला, डावा डोळा मिटलेला, तोंडातून लाळ. हाताला सलाईन. पायांशी आमचे मेडिकल ऑफिसर डॉ. ओंकार हातात टॉर्च, माझाच, घेऊन त्या माणसाच्या तळव्यांचा इंच न् इंच तपासत होते. तळव्याला बोट लागलं की तो माणूस गुदगुल्यांनी पाय झटकायचा, आणि ओंकार गंभीरपणे म्हणायचे, "सिस्टर, लिहा. पायांना झटके."

शेजारी स्टँडमध्ये काचेची एक छोटी नळी उभी होती. तिच्यात जरासं रक्त. त्या नळीला कुणी हात लावायचा नव्हता, धक्का द्यायचा नव्हता. ही सर्पदंशाची चाचणी. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं तसंच ठेवायचं, मग नळी तिरपी करून पाहायचं. गोठलं तर ठीक. नाही गोठलं, तर घोणस किंवा फुरसं चावलं असं धरायचं. पन्नास यंत्रं जे सांगणार नाहीत ते ही नळी सांगते.

मी रजनी सिस्टरला खुणेनं विचारलं, साप?

"किडा," त्या कुजबुजल्या.

इथं थांबून हा शब्द सांगितलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर उभं आहे. आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, असं म्हणतात. म्हणून 'किडा'. 'किडा चावला', 'किडा लागला'. ओंकार साताऱ्याकडचे. हुशार, कष्टाळू, पण साताऱ्याकडचे. जुलैत ते नवीन आले तेव्हा एका बाईनं त्यांना सांगितलं, "किडा चावला जी." त्यांनी गांधीलमाशीवरची गोळी आणि मलम लिहून दिलं. रजनी सिस्टरनी ती चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर फाडली आणि बाईला स्ट्रेचरवर घेतलं. बाई वाचली. त्या दिवसापासून ओंकारांच्या टेबलाच्या काचेखाली त्यांच्याच अक्षरात एक चिठ्ठी आहे: "किडा = साप. विचारत बसू नये."

आज ते विचारत बसले नव्हते.

झालं होतं असं. सकाळी दहाच्या सुमारास एक ऑटो येऊन थांबला. त्यातून काडीसारखी बारीक एक बाई उतरली आणि तिनं अख्खं रुग्णालय ऐकेल अशी हाक घातली, "धावा जी! माझ्या मानसाले किडा लागला!" सगळे धावले. ओंकार सगळ्यांच्या पुढे. पुढचा संवाद मला सिस्टरनी नंतर तीनदा करून दाखवला, मी तीनदा मागितला म्हणून.

"केव्हा लागला?"

"रात्री तं लयच झालं, साहेब. रातभर डोळ्याले डोळा नाई."

"तुम्ही पाहिला का किडा?"

"कसा पायन जी? आत हाये तो."

"अजून आतच आहे?"

"मंग! आपोआप बाहेर येईन का?"

ओंकारांनी ताबडतोब बाईच्या गावाजवळच्या सर्पमित्राला फोन लावला आणि तिच्या घरी जायला सांगितलं. मग पेशंटकडे वळले. "भाऊ, कुठं चावला?" भाऊंचं तोंड उघडेना. त्यांनी गालाकडे बोट दाखवलं. "गालाला? झोपेत?" भाऊंनी जोरात मान हलवली. झोपेतच तर कळ उठली होती.

"मण्यार," ओंकार म्हणाले.

आणि खरं सांगते, परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मीही मण्यारच लिहिली असती. मण्यार रात्री अंथरुणात येते. चावल्याची खूण बहुतेकदा दिसतही नाही. पापण्या मिटतात, गिळता येत नाही, लाळ गळते, बोलणं अडखळतं. भाऊंचं सगळं पुस्तकाबरहुकूम होतं. त्यात मण्यारीचं विष रक्त गोठणं थांबवत नाही, त्यामुळे नळीनं 'ठीक' म्हटलं तरी ओंकार थांबणार नव्हते. सापाच्या विषावरच्या औषधाच्या कुप्या ट्रेमध्ये मांडून झाल्या होत्या. ते औषध साप चावलेल्याला अमृत. पण घोड्याच्या रक्तापासून बनतं, आणि एखाद्याच्या अंगाला ते मानवत नाही. रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. साप चावला असेल तर तो धोका पत्करायचा. नसेल चावला तर आपणच डसायचं, असा प्रकार.

मी मजा पाहत उभी होते. तेवढ्यात पंखा माझ्याकडे वळला.

दातांच्या डॉक्टरला डोळ्यांआधी नाक कामाला येतं. हा वास मी वीस वर्षं ओळखते. कुजलेली दाढ, तिच्याखाली कोंडलेला पू, आणि वरून खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला आमचा जिल्हा-फराळ. मूलपासून अहेरीपर्यंत ज्याच्या खिशात तो नाही, तो पाहुणा समजावा.

"ओंकार, थांबा."

"मॅडम, प्लीज. टॉर्च नंतर देतो."

"टॉर्च ठेवा. ताप किती आहे?"

"एकशे तीन."

"साप चावल्यावर ताप?"

ओंकारांनी टॉर्च खाली केला. "भीतीनं?"

"भीतीनं घाम येतो हो. ताप येतो पुवानं." मी पेशंटच्या उशाशी गेले. "भाऊ, तोंड उघडा."

भाऊंनी जीव लावून तोंड उघडलं. पोस्टाच्या पेटीची फट बरी. तोंड किती उघडतं हे आम्ही बोटांनी मोजतो. आपली तीन बोटं उभी आत जायला हवीत. भाऊंचं एक बोट जेमतेम गेलं. मग मी त्यांच्या बायकोकडे वळले आणि आज सकाळपासून कुणी न विचारलेला प्रश्न विचारला.

"बाई, किडा कुठी लागला?"

"दाढेले!" ती सुटकेचा श्वास टाकून म्हणाली. "कवापासून सांगून राह्यली, आत हाये, आत हाये!"

रजनी सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. ओंकारांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी एक पाऊल पुढे टाकून आता टाळ्या घ्याव्यात, एवढ्यात ओंकारांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"सर, सापडला!" सर्पमित्र ओरडत होता. "घरातच होता. मासे धराच्या जाळ्याच्या ढिगात. काळा हाये, अंगावर पांढरे पट्टे. फोटो पाठवून राह्यलो!"

काळा. पांढरे पट्टे. मण्यार अशीच दिसते.

ओंकारांचा चेहरा उजळला, मग पांढरा पडला. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "दोन्ही असू शकतं ना?"

माझ्या टाळ्या हवेतच विरल्या. असू शकतं. दाढ किडलेल्या माणसाला साप चावू नये असा नियम नाही. आणि मी चुकले असते तर हा माणूस तासाभरात श्वास घेणं विसरला असता. औषध दिलं तर एक धोका, नाही दिलं तर दुसरा, आणि मध्ये मी, दातवाली बाई.

मी त्याच्या मिटलेल्या डोळ्याची पापणी बोटानं वर केली. पापणी सुजली होती, पण आतला डोळा चांगला गरागरा फिरत होता. उजवा डोळा टक्क उघडा. "ओंकार, हे पाहा. विष पक्षपात करत नाही. ते दोन्ही पापण्या सारख्या पाडतं. दाढ पक्षपात करते. ती तिच्याच बाजूचा डोळा मिटवते." मग मी भाऊंना म्हटलं, "मान उचला." उचलली. "आता एका श्वासात आकडे म्हणा." मण्यारीच्या विषानं छातीचे स्नायू ढिले पडतात. माणूस दहा-बारापर्यंत जाऊन थांबतो.

भाऊंनी छातीत हवा भरली आणि बंद दातांतून सुरू झाले. एक, दोन, तीन. पंधराला ओंकारांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तावीसला बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. एकतीसला भाऊ थांबले तेव्हा खोलीत अजून आवाज घुमत होता.

"हा माणूस करतो काय?" मी विचारलं.

"मासे धरते," बायको म्हणाली. "आन नाटकात पाटील असते."

फोनवर फोटो आला. पाठोपाठ सर्पमित्राचा आवाज. "सर, कवड्या हाये. बिनविषारी. याचे पट्टे मानेपासून सुरू होते आन शेपटीकडे फिके होते. मण्यारीचं उलटं असते. सोडून देऊ का जंगलात?"

"सोडा," ओंकार म्हणाले आणि स्टुलावर बसले. बरोबर तेव्हाच वीस मिनिटं झाली. सिस्टरनी नळी तिरपी केली. रक्त मस्त गोठलं होतं. कुप्या न फोडता फ्रिजमध्ये परत गेल्या.

आता मला चढला राग. मी त्या बाईला, पार्बताबाई तिचं नाव, बाजूला घेतलं. "दाढ दुखते असं सरळ सांगता येत नाही? सापाचं औषध गेलं असतं तुमच्या माणसाच्या अंगात! खोटं बोलता?"

पार्बताबाईनं पदर खोचला. "खोटं? बाई, देवाची आन, मी एक शब्द खोटा नाई बोलली. दाढेले किडा लागलाच हाये. आन दाढ म्हनून सांगतलं असतं, तं काय केलं असतं तुमी? ते पाहा!"

तिनं माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मी वळून पाहिलं.

तिथं एक नोटीस होती. सुबक, तीन रंगांत. एक हसरी दाढ, तिच्या हातात छडी. खाली मोठ्या अक्षरांत: "दातदुखी ही इमर्जन्सी नाही! दाताच्या तक्रारी फक्त ओपीडीत. मंगळवार व शुक्रवार, सकाळी ९ ते १२." अक्षर वळणदार होतं. माझंच होतं. वर्षापूर्वी कॅज्युअल्टीतून सारखी बोलावणी येतात म्हणून मी ती हौसेनं रंगवली होती. छडी माझीच कल्पना.

"आमी चार खेपा आलो," पार्बताबाई बोटांवर मोजत म्हणाली. "पयल्यांदा आलो तं सोमवार होता. सुई देली, मंगळवारी या म्हनलं. मंगळवारी तलावावर जाळं टाकाचं होतं, सोसायटीची पाळी. पोळा झाल्यावर आलो तं बुधवार. सुई देली, शुक्रवारी या म्हनलं. शुक्रवारी आलो तं तुमी शाळेत पोरायचे दात पाहाले गेल्या. दसऱ्याच्या पयले आलो, पुन्हा सुई. आन तिकडं आमच्या शेजारच्या भानाबाईच्या सासूले किडा लागला, तं सारे धावले. स्ट्रेचर आलं, आक्सिजन आलं, खुद्द साहेब आले. मी म्हनलं, पार्बता, दात म्हनलं का बसा म्हनते, किडा म्हनलं का धावते. मंग मी कायले दात म्हनू?"

रजनी सिस्टर पुन्हा भिंतीकडे वळल्या.

मी कॅज्युअल्टीचं रजिस्टर मागवलं. मारोती नान्हे, धंदा मासेमारी. सुयांच्या तीनही नोंदी होत्या. तिन्ही सारख्या: "दातदुखी. इंजेक्शन दिले. दंत ओपीडीस पाठविले." पहिल्या खेपेला ती दाढ अर्ध्या तासात भरून झाली असती. सिमेंट भरायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. आम्ही त्याऐवजी दुखणं थांबवायची सुई दिली. दुखणं म्हणजे बोंब मारणारा कोतवाल. सुईनं आपण कोतवालाच्या तोंडात बोळा कोंबतो. चोर आत मोकळाच. तो निवांत दाढेतून हाडात गेला, हाडातून गालात, आणि आता जबड्याखाली उतरत होता.

हा भाग हसण्यासारखा नव्हता. जबड्याखालची सूज मी चाचपली. पाटासारखी कडक. ही सूज जिभेखाली गेली की जीभ वर उचलते आणि घसा बंद करते. माणूस गुदमरून जातो. एका दाढेपायी. मी जिल्हा रुग्णालयातल्या आमच्या सरांना फोन केला.

"जीभ वर आली आहे का?"

"दिसतं तेवढ्यावरून, नाही."

"मग पू आत्ता तिथंच काढ. निचऱ्याला नळी ठेव, सलाईनमधून औषधं सुरू कर. श्वासाला जरा त्रास वाटला की गाडीत घाल आणि निघ. वाट पाहू नकोस."

मी हातमोजे चढवत भाऊंना सगळं समजावलं. कुठून कापणार, काय निघणार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग माझी बाही धरली आणि बंद दातांतून म्हणाले, "बाई... सनवारी हसाचं हाये."

मला वाटलं, तापात बरळतायत.

"मंडई हाये ना शनिवारी," पार्बताबाईनं उलगडा केला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, घराघरात पाहुणे आणि मग नाटक. "वीस वर्सं झाले, खलनायक पाटलाचा पार्ट ह्यायचाच हाये. तिसऱ्या अंकात पाटील हसते. लोकं त्या हसन्यासाठी येते, बाई. हे नाई उभे राह्यले तं तुळशीरामले भेटन पार्ट. तो टपूनच हाये."

"हा तुळशीराम कोण?"

"माझा सख्खा भाऊ." तिनं सुस्कारा सोडला. "पर हसते कसा, शेळीवानी."

वार होता सोमवार. भाऊंच्या डोळ्यांत, म्हणजे उघड्या असलेल्या एका डोळ्यात, पाणी होतं. घसा बंद होण्याची भीती त्यांना मी दोन मिनिटं समजावली होती. त्यांना भीती होती तुळशीरामची.

"आधी जगा," मी म्हटलं. "मग हसायचं पाहू."

जबड्याखाली बाहेरून छेद दिला. ओंकार मदतीला उभे होते, उत्साहानं जरा जास्तच जवळ. पू आला तो थेट त्यांच्या ॲप्रनवर. त्या वासानं दारातली गर्दी आपोआप पांगली. ओंकारांनी श्वास रोखून, डोळ्यांत पाणी आणून, शेवटपर्यंत ट्रे धरला. पोरगं कामाचं आहे, तेव्हाच कळलं. सगळं संपल्यावर ते खिडकीपाशी जाऊन एवढंच म्हणाले, "मॅडम, मण्यार परवडली असती."

दुपारी ताप उतरू लागला. श्वास मोकळा होता. संध्याकाळी भाऊंनी चहा मागितला, तेव्हा मीही घेतला.

मंगळवारपासून सुरू झालं तोंड उघडायचं काम. नुसत्या सुजेनं नाही, वर्षानुवर्षांच्या खर्ऱ्यानंही भाऊंचे गाल आतून चामड्यासारखे ताठ झाले होते. त्यावर व्यायाम असतो. आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या लाकडी काड्या दातांमध्ये धरायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. पण काड्या धरून बसायला भाऊंना लाज वाटायची. म्हणून मी डोकं लढवलं. "तुम्ही पाटलाचं हसू म्हणा. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. तोच तुमचा व्यायाम."

डॉक्टरनं औषध लिहिताना आजूबाजूला कोण आहे हे पाहावं, हे मी त्या सकाळी शिकले. पहिल्या हसण्याला ओंकार ऑक्सिजन घेऊन धावत आले. दुसऱ्याला शेजारच्या बाळंतिणींच्या वॉर्डातली सगळी बाळं एकदम रडायला लागली. तिसऱ्याला तिथल्या सिस्टर माझ्याकडे आल्या. "मॅडम, तो तुमचा पेशंट आमच्या बायायकडे पाहून हसते."

"भिंतीकडे पाहून हसायला सांगते."

त्या आठवड्यात मी हास्याचं शास्त्र शिकले, ते कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. एक बोट तोंड उघडत असेल तर माणूस फक्त 'हू हू हू' हसू शकतो. दोन बोटं, 'हो हो हो'. खलनायकाचं खरं 'हाऽ हाऽ हाऽ' यायला तीन बोटं लागतात. भाऊंना हवी होती तीन. बुधवारी झालं दीड.

गुरुवारी दाढ काढण्यापुरती जागा झाली आणि मी ती काढली. धुऊन कापसावर ठेवली. पार्बताबाई तडक पुढे आली, वाकून बघायला लागली. दाढ उलटी केली, सुलटी केली, खिडकीपाशी उजेडात नेली.

"बाई, किडा कुठी हाये?"

"कसला किडा?"

"दाढेतला! एवढं खाल्लं त्यानं. मोठाच असन."

मी तिला समजावलं. दाढेत अळी, किडा असं काही नसतं. अन्न अडकतं, त्यावर जंतू वाढतात, त्यांचं आम्ल दाताला भोक पाडतं. आपण त्याला कीड म्हणतो, एवढंच.

तिचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हंजे... किडा नव्हताच?"

"नव्हताच."

तिनं कपाळावर हात मारला. "म्हंजे मी खोटंच बोलली की वं माय! साऱ्यायसमोर! देवाची आन घेऊन!"

ती खरोखर रडकुंडीला आली. तिच्या नवऱ्याला सापाचं औषध लागता लागता राहिलं, त्यानं ती हलली नव्हती. ह्यानं हलली. मी घाईघाईनं म्हटलं, "पण जंतू असतात, बाई. जिवंत. फक्त डोळ्याले दिसत नाही."

"हलते?"

"कोणी कोणी हलते."

"खाते?"

"खाते."

"मंग किडेच झाले ना?"

मी वीस वर्षांच्या शिक्षणाकडे एकदा पाहिलं आणि तिच्याकडे एकदा. "किडेच समजा."

"हं," ती म्हणाली आणि पदर सारखा केला. "मंग खरंच बोलली मी."

शनिवारी सकाळी भाऊंना घरी सोडलं. दोन बोटं. जबड्याखाली पट्टी. उशीच्या खोळीत एक खर्ऱ्याची पुडी सापडली. "खात नाई, बाई. वास घेतो फक्त," भाऊ म्हणाले. मी ती त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकली आणि तीन बोटांची आशा सोडून द्यायला सांगितली. त्यांनी पिशवी उचलली. दारातून वळून एकदा 'हो हो' करून पाहिलं. त्यांनाच ते आवडलं नाही. मान खाली घालून गेले.

मी मंडईला गेले नाही. शनिवारभर मला मात्र शेळीसारखं हसणं ऐकू येत होतं.

मंगळवारी टाके पाहायला दोघं आली. भाऊ पुढे, छाती काढून. पार्बताबाई मागे, बोलायला उतावीळ.

"तुळशीराम रंग लावून बसला होता बाई, पडद्यामागे. म्हने भाऊजीचं तोंड नाई उघडलं तं मी हाये. तिसरा अंक आला. हे उभे राह्यले. साऱ्यायले वाटे आता 'हाऽ हाऽ' करन. यायनं तोंडच नाई उघडलं! ओठ दाबले, गळ्यावरची पट्टी दाखवली, आन नाकातून, हळूहळू..." तिनं भाऊंना कोपरानं ढोसलं. "दाखवा ना!"

भाऊंनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि बंद तोंडानं, खोल विहिरीतून यावं तसं हसले. हूं... हूं... हूं. माझ्या हातावर काटा आला.

"पुढच्या रांगेतल्या बाया शिव्या देऊ लागल्या," पार्बताबाई अभिमानानं म्हणाली. "एकीनं तं चप्पल फेकली!"

खलनायकाला आमच्याकडे यापेक्षा मोठा पुरस्कार नाही. अडचण एकच झाली. भाऊ आता तोंड उघडायचा व्यायाम करेनात. "हसू हेच ठेवतो," म्हणाले. मी धमकावलं की जेवायलाही नाकातूनच लागेल, तेव्हा काड्या घेऊन गेले.

ती नोटीस मी त्याच आठवड्यात काढली. हसऱ्या दाढेच्या हातातली छडी कापून टाकली आणि जुन्या ओळींवर कोरा कागद चिकटवून लिहिलं: "दात दुखत असेल तर कोणत्याही दिवशी सांगा. सुई घेऊन परत जाऊ नका." कॅज्युअल्टीत आता दातदुखी आली की मला फोन येतो. मी चिडत नाही. निदान तोंडावर चिडत नाही. पार्बताबाईची युक्ती मात्र पंचक्रोशीत पसरली. आठवड्यात दोन तरी 'किडे' लागून येतातच. रजनी सिस्टर स्ट्रेचर ओढण्याआधी विचारतात, "किडा पायाचा का तोंडाचा?" ओंकारांनी काचेखालची चिठ्ठी बदलली: "किडा = साप किंवा दाढ. विचारावे."

सगळं सुरळीत झालं असं मी समजून चालले होते. गेल्या शुक्रवारी माझ्या ओपीडीत एक म्हातारबाबा रांगेत बसले होते. पाऊण तास मुकाट बसले. नंबर आला. केसपेपरवर कुणीतरी लिहिलं होतं, "दात." मी न बघता म्हटलं, "बसा खुर्चीवर. काय होते, बाबा?"

"दात लागला, बाई."

"कवापासून?"

"सकाळपासून."

"बरं, आ करा." मी दिवा ओढला, आरसा घेतला, वळले.

बाबा खुर्चीवर आडवे झाले होते आणि त्यांनी उजवा पाय उचलून थेट माझ्या दिव्याखाली धरला होता. पोटरीवर कुत्र्याच्या दाताचे दोन ओरखडे होते.

मी जखम साबणानं धुतली आणि त्यांना स्वतः हात धरून कॅज्युअल्टीत नेलं, रेबीजच्या इंजेक्शनसाठी. ओंकारांनी केसपेपर वाचला, पोटरी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. सभ्य माणूस. फक्त आपल्या वहीतला एक कोरा कागद फाडून मला दिला.

आता माझ्याही टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी आहे: "दात = कुणाचा? आधी विचारावे."